मी जेवते कुठे? आईच्या ओट्यावरचा एक दिवस

(दृश्य: सकाळचे पावणेसहा, डोंबिवलीतलं स्वयंपाकघर, गॅसवर चहा.)

ही माझी आई. चार वर्षांपूर्वी हिची वजन कमी करायची सर्जरी झाली, स्लीव्ह म्हणतात ती. जठराचा साधारण पाऊण भाग काढून टाकतात आणि उरतं ते केळ्याएवढं लांबट नळकांडं. तेव्हा आई ११२ किलोची होती, दीड वर्षात ७९ वर आली. गुडघे दुखायचे थांबले, शुगरची गोळी बंद झाली, कपाटातल्या जुन्या साड्यांचे ब्लाउज टिपा घालून लहान करून झाले. आणि मग काटा हळूहळू परत वर सरकायला लागला, आधी ८२, मग ८६, गेल्या दिवाळीनंतर ९१.

घरात या विषयावर कोणी बोलायचं नाही. आई तर डॉक्टरांकडेच जायची बंद झाली, म्हणे "काय तोंड घेऊन जाऊ, एवढा खर्च केला तुम्ही." मी काही बोलायला गेले की तिचं एकच वाक्य, "अगं, मी जेवते कुठे? अख्खी पोळी जात नाही मला."

आणि ते खरं होतं. मी समोर बसून बघितलंय, अर्धी पोळी, दोन चमचे भाजी, थोडं वरण, की ताट बाजूला. मग वजन येतं कुठून?

म्हणून आईला विचारून एक दिवस फ्रिजवर कॅमेरा ठेवला. संध्याकाळी फुटेज बघायला दोघी शेजारी बसलो, तर तीच आधी हसायला लागली.

(दृश्य: फास्ट फॉरवर्ड. ओटा, आई, डबा. परत ओटा, आई, डबा.)

तीन वेळा चहा, दोन-दोन चमचे साखर. चहाबरोबर खारी, दिवसभरात पाच. दुपारी उभ्याउभ्या मूठभर फरसाण, नातवाने टाकलेला शिरा "वाया कशाला घालवायचा" म्हणून, चार वाजता अर्धा ग्लास मँगो ज्यूस. मी वहीत लिहून बेरीज केली तर ताटाबाहेरच्याच हजाराच्या आसपास कॅलरी झाल्या, आणि प्रोटीन नावापुरतं. नुसतं ते मूठभर फरसाण, म्हणजे तीसेक ग्रॅम, दीडशेच्या वर जातं.

आता पोळी जात नाही आणि पाच खाऱ्या कशा जातात? हे आम्हाला डाएटिशियनने समजावलं, मी ते ओट्यावर करून दाखवते. हे नरसाळं. यात भिजवलेले छोले टाकले की अडकून बसतात, ताक ओतलं की सरळ खाली. लहान झालेल्या जठराचं साधारण तसंच आहे. अंडं, पनीर, उसळ, चिकन असलं घट्ट खाणं थांबून राहतं, पोट भरल्याची जाणीव देतं. चहात बुडवलेली खारी, आइस्क्रीम, ज्यूस हे घसरत पुढे निघून जातं आणि पोट परत "काहीतरी दे" म्हणतं. सर्जरीने जागा कमी केली, पण ती घट्ट खाण्यासाठी, पातळ आणि मऊ खाण्याला तिथे गेट उघडंच आहे. जेवताना घटाघट पाणी प्यायलं की तोच प्रकार, म्हणून पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने.

आईला खारीची सवय लागली तीही उगाच नाही. स्लीव्हनंतर बऱ्याच जणांना ॲसिडिटीचा त्रास होतो, हिलाही झाला. तिखट उसळ नको वाटायची, दूध आणि खारी खाल्लं की बरं वाटायचं. त्यामुळे वजन वाढलं की लगेच "जिभेवर ताबा नाही" म्हणणाऱ्या नातेवाईकांचा मला फार राग येतो, घरातल्यासकट.

शिवाय शरीर पण गप्प बसत नाही. जठराचा जो वरचा भाग काढतात तिथे भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही, लोक त्याला हनिमून पिरियड म्हणतात. पुढे बऱ्याच जणांची भूक थोडीफार परत येते. आणि ७९ किलोच्या शरीराला ११२ किलोच्या शरीराएवढं इंधन लागत नाही, सोबत स्नायू गेले असतील तर अजूनच कमी.

स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा सर्जरी झालेल्या पेशंटचा वर्षानुवर्षं अभ्यास केला गेला. त्यात स्लीव्ह नव्हती, पण बायपासवाल्यांचं (हृदयाचं नाही, जठराची छोटी पिशवी करून अन्न पुढच्या आतड्यात वळवतात ते) वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर होतं. म्हणजे शंभरचा माणूस अडुसष्टवर गेला आणि नंतर पंचाहत्तरला थांबला. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे मी एकटीच नाही?"

दुसऱ्याच आठवड्यात ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ओरडा वगैरे काही केला नाही, थायरॉइड, बी-१२, लोह, डी तपासायला सांगितलं, ॲसिडिटीचं औषध बदललं. व्हिटॅमिनच्या गोळ्या हिने दोन वर्षांपूर्वीच सोडल्या होत्या, त्या परत सुरू. भिशीतल्या बायका वजन कमी करायच्या इंजेक्शनचं विचारत होत्या, ते लागलं तर बघू, आधी जेवण, असं डॉक्टर म्हणाले. आणि ते नेटवर पाच दिवस नुसतं पातळ पिऊन पाउच, म्हणजे सर्जरीनंतर उरलेलं जठर, रीसेट करायचं फिरतं ना, त्याने जठर काही लहान होत नाही, उगाच माणूस अशक्त होतो.

(दृश्य: ताट. आधी अंडं, मग उसळ, पोळी शेवटी.)

बदललं ते एवढंच की ताटात प्रोटीन आधी. दिवसाला निदान साठ ग्रॅम सांगितलंय आणि शाकाहारी ताटात ते गाठणं सोपं नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ, सोयाबीनच्या कोरड्या वड्या तीस ग्रॅम घेतल्या की पंधरा. आपलं पातळ वरण यात फार मागे पडतं, आईला हे अजून पटलेलं नाही.

सगळ्यात मोठं भांडण संकष्टीला झालं. दिवसभर काही नाही आणि मधे साबुदाण्याची खिचडी, साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. उपास सोड म्हणायची माझी हिंमत नव्हती. मधला मार्ग तिनेच काढला, दही कपड्यात टांगून चक्का, त्यात जिरं, मीठ, थोडं दाण्याचं कूट, आणि पनीर तुपावर परतून. चंद्रोदयानंतर मोदक एक. आधी तीन असायचे.

आज चार महिने झाले, काटा ८६ वर आहे. ७९ परत येईल असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही आणि आईनेही विचारलं नाही. चहात साखर अर्धा चमचा आहे, ती सुटणार नाही म्हणते. खारीचा डबा ओट्यावरून गेलाय.

आता मागे बारीक कुरुमकुरुम ऐकू येतेय ना, तो माइकचा प्रॉब्लेम नाही. बाबा आहेत, गॅलरीत, पाठ करून.