मोटर ग्लायडरचं इंजिन: भरवसा कुठवर ठेवायचा?

(कॅमेऱ्यासमोर. मागे बिजासन टेकडीच्या बाजूने दिसणारा विमानतळ.)

नमस्कार मंडळी, इंदूरहून बोलतोय. मागे दिसतोय तो आपला देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ. आजचा विषय मात्र या मोठ्या विमानांचा नाही. आज बोलायचंय मोटर ग्लायडरबद्दल, म्हणजे इंजिन बसवलेल्या ग्लायडरबद्दल, आणि त्यातही फक्त त्याच्या इंजिनाबद्दल.

लोक म्हणतात, ग्लायडरचं इंजिन बंद पडलं तर काय झालं, ते तर तरंगतंच ना! बरोबर आहे. चांगलं ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून चाळीस-पन्नास किलोमीटर सहज जातं. मग मोटर ग्लायडरमध्ये इंजिनावरून अपघात का होतात? कारण वैमानिकाने त्या इंजिनाच्या जिवावर आधीच हिशेब मांडलेला असतो. "थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, नाही मिळालं तर इंजिन लावू" असं म्हणत तो खाली खाली येत राहतो. आठशे फुटांवर बटण दाबतो, इंजिन नुसतं खोकतं, आणि खाली बघतो तर उतरायला शेत नाही. इंजिन दगा देतं ते या शेवटच्या मिनिटात. त्याची तयारी मात्र बहुतेक वेळा जमिनीवरच झालेली असते, कधी टाकीत, कधी नळीत, तर कधी एखाद्या विसरलेल्या लिव्हरमध्ये.

प्रकार पटकन सांगतो. पहिला टूरिंग मोटर ग्लायडर. यात इंजिन नाकावर कायमचं बसवलेलं असतं. ग्रोब 109, डिमोना, फाल्के, पिपिस्ट्रेलचं सायनस, ही सगळी या घरातली. दुसऱ्या प्रकारात इंजिन पाठीतून दांड्यावर वर येतं आणि काम झालं की परत पोटात जातं. तिसरा सस्टेनर. त्याच्यावर टेकऑफ होत नाही, हवेत राहायला मदत होते, बस. आपल्याकडे एनसीसीचे कॅडेट ज्या व्हायरस एसडब्ल्यू 80 वर शिकतात, ते या सायनसचंच आखूड पंखांचं भावंड. कागदोपत्री मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकं विमान, पण इंजिन तेच रोटॅक्स 912, आणि त्याची दुखणीही तीच. अशी एकूण 194 विमानं भारताने मागवली होती, त्यामुळे हा विषय फक्त युरोपातल्या हौशी लोकांचा आहे असं समजू नका.

आता इंधन. यावर जरा जास्त वेळ घेणार आहे.

(टेबलावर काचेचं मोजपात्र. हातमोजे घातलेले. जागा उघड्यावर, आजूबाजूला आग-ठिणगी काही नाही.)

यात मी आधी 10 मिलीलीटर पाणी घातलंय. काचेवर मार्करने रेघ मारली आहे, दिसतेय ना? आता पंपावरचं साधं पेट्रोल घालून 100 पर्यंत भरतो. झाकण लावून हलवतो, आणि थांबतो. बघा. पाणी खालीच बसलं, पण रेघ ओलांडून पार वर आलं. 10 चं जवळजवळ दुपटीच्याही वर गेलं. पाणी वाढलं कुठून? वाढलं नाही. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याने आपल्याकडे ओढून घेतलं. आज आपल्या पंपांवर जे मिळतं ते ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. रोटॅक्स 912 ला कंपनीची परवानगी आहे 10 टक्क्यांपर्यंत. तेव्हा "रोटॅक्स तर साध्या पेट्रोलवर चालतं भिया" हे वाक्य आता अर्धवट खरं आहे. आणि इंजिनाने परवानगी दिली म्हणजे विमानाने दिली असंही नाही. टाकी फायबरची असते, सील रबराचे असतात, आणि इथेनॉल या दोघांनाही हळूहळू खातं. शेवटचा शब्द विमानाच्या हँडबुकचा.

पावसाळ्यात याच्यात आणखी एक भर पडते. टाकी अर्धी रिकामी ठेवली की वरच्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल शोषून घेत बसतं. एका मर्यादेपर्यंत सगळं एकजीव दिसतं. मग एखाद्या थंड सकाळी तापमान उतरतं आणि पाणी-इथेनॉलचा थर सुटा होऊन तळाशी बसतो. इंजिन जिथून पेट्रोल ओढतं ती जागाही तळाशीच! म्हणून पहिल्या उड्डाणाआधी टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून नमुना काढायचा, उजेडात धरून बघायचा. इंधन भरल्यावर थोडं थांबून परत काढायचा. आळस करायची ही जागा नाही.

मग काय वापरायचं? विमानाचं ॲव्हगॅस 100 एलएल चालतं. पूर्वी ते बाहेरून यायचं, 2022 पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत बनवतंय, म्हणजे तसं शेजारीच म्हणा. पण त्यात शिसं असतं. रोटॅक्स जर 30 टक्क्यांहून जास्त वेळ ॲव्हगॅसवर चालवलं, तर तेल दर 25 तासांनी बदलावं लागतं, नाहीतर शिशाचा गाळ तेलात साचत जातो. खर्च वाढतो, मान्य. पण हा खर्च टाळून कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

टाकीच्या व्हेंट पाइपकडेही बघा. कुंभारीण माशीला ही नळी फार आवडते. हँगरमध्ये पंधरा दिवस विमान उभं राहिलं की मातीचं बूच तयार. मग टाकीत हवा शिरत नाही, आणि इंजिन टेकऑफनंतर थोड्या वेळाने उपाशी पडतं. लाल फडकं लावलेली टोपी वापरा, आणि उडण्याआधी ती काढायला विसरू नका.

(कॅमेरा जवळ.)

आता मालव्याच्या हवेबद्दल. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 1850 फुटांवर आहे. मे महिन्यात पारा 40 वर असला की हवा इतकी विरळ होते, की इंजिन आणि पंख दोघांनाही वाटतं आपण 5200 फुटांवर आहोत. टर्बो नसलेलं इंजिन हजार फुटांमागे साधारण 3 टक्के ताकद गमावतं. म्हणजे 80 हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊन तुम्ही प्रत्यक्षात 68 च्या आसपास घेऊन निघालात. दोन भरभक्कम माणसं, पूर्ण टाकी आणि दुपारचे दोन, हा बेत हँडबुकच्या तक्त्यावर बोट ठेवूनच ठरवायचा, अंदाजाने नाही.

त्याच उन्हात दुसरं दुखणं म्हणजे व्हेपर लॉक. इंजिन गरम असताना बंद केलंत, कौलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, आत हवा फिरत नाही, नळीतलं पेट्रोल तापून तिथेच वाफ होतं. पंप वाफ ढकलू शकत नाही. परत चालू केलं तर इंजिन धरतं, जमिनीवर बरं चालतं, आणि पूर्ण थ्रॉटल दिल्यावर गडबडतं. उपाय साधे आहेत. नाक वाऱ्याकडे करून उभं करा, तेलाचं झाकण उघडतं ती खिडकी उघडी ठेवा, जेरीकॅन सावलीत ठेवा, जादा पंप असेल तर हँडबुकप्रमाणे चालू ठेवा. आणि पूर्ण ताकदीवर रनअप, म्हणजे जागेवर उभं राहून इंजिनाची चाचणी, केल्याशिवाय धावपट्टीवर जाऊ नका.

आता उलटी गोष्ट. बर्फ. "इंदुरात कसला बर्फ?" असं हमखास विचारतात. ऑगस्टची सकाळ आठवा. 24-25 अंश, सगळीकडे ओल, ढग खाली आलेले. कार्ब्युरेटरच्या गळ्यात पेट्रोलची वाफ होताना आणि हवा पसरताना तापमान 20 अंशांहूनही जास्त उतरू शकतं. 25 मधून 20-25 वजा करा, आलात की नाही शून्यावर? आणि हवेत बाष्प भरपूर. त्यातून ग्लायडरवाले इंजिन मंद ठेवून खाली येतात, तेव्हा थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते. त्या फटीत बर्फ धरायला फार वेळ लागत नाही. मालव्याच्या ज्या गार हवेचं आपण इतकं कौतुक करतो, तीच इथे नडते.

लक्षण काय? प्रोपेलर स्थिर पिचचा, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारा, असेल तर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूहळू उतरतो, तुम्ही नकळत थ्रॉटल थोडा पुढे करता, परत उतरतो. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय, असेल तर पूर्ण द्या, अर्धवट नको. दिल्यावर इंजिन आणखी खडखडेल, कारण वितळलेलं पाणी आत जातंय. इथेच घाबरून लोक हीट बंद करतात. करू नका, थांबा. खाली येताना इंजिन मंद करायच्या आधीच हीट द्यायची सवय लावा.

लिव्हरांबद्दल आता. हा भाग ऐकायला फालतू वाटेल. फ्युएल कॉक बंद ठेवून इंजिन चालू केलं तर ते चालतं! नळीत आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर विमान जमिनीवर चालत धावपट्टीपर्यंत जातं, कधीकधी टेकऑफही होतो. मग शंभर-दोनशे फुटांवर शांतता. चोक ओढलेला राहिला तर इंजिन गुदमरतं. कौल फ्लॅप, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या हवेची झडप, तरंगताना बंद केला आणि चढताना उघडायचा राहिला तर सिलिंडर तापतात. प्रोपेलर फेदरमध्ये, म्हणजे पाती हवेच्या प्रवाहाला समांतर वळवलेली, ठेवून स्टार्ट केलं तर इंजिनावर नको तो भार येतो.

आणि या सगळ्यांचा दादा म्हणजे एअरब्रेक, उतरताना पंखातून वर काढायची हवा अडवणारी फळी. टेकऑफला त्याचं लॉक नीट बसलं नाही तर वर गेल्यावर पंखातून तो आपोआप बाहेर खेचला जातो. विमान चढत नाही. वैमानिकाला वाटतं इंजिनाची ताकद गेली. तो गेजकडे बघतो, थ्रॉटल चाचपतो, आणि इंजिन बिचारं व्यवस्थित चालू असतं. मोटर ग्लायडरमध्ये "इंजिन ओढत नाहीये" असं वाटलं की आधी डावीकडे-उजवीकडे पंखावर नजर टाका, हात एअरब्रेकच्या लिव्हरवर न्या.

सुरू करण्यापूर्वीचं रोटॅक्सवाल्यांसाठी थोडक्यात. तेल मोजायच्या आधी इग्निशन बंद करून प्रोपेलर हाताने फिरवायचा, फक्त तो चालताना फिरतो त्याच दिशेने, तेलाच्या टाकीतून गुडगुड ऐकू येईपर्यंत. त्याशिवाय डिपस्टिकवरचा आकडा खरा नसतो. इग्निशन बंद असलं तरी पातं जिवंत आहे असंच समजून उभं राहायचं. तेल 50 अंशांवर आल्याशिवाय पूर्ण ताकद नाही. या इंजिनाला दोन इग्निशन असतात. 4000 आरपीएमवर एकेक इग्निशन तपासताना घट 300 च्या आत, आणि दोन्हींतला फरक 115 च्या आत. रबरी नळ्या दर पाच वर्षांनी बदलायच्या, तास कितीही कमी भरलेले असोत. बरीचशी ग्लायडरं वर्षात थोडीच उडतात, म्हणून तासांच्या हिशेबाने ती कायम नवीच दिसतात. रबराला ते कळत नाही.

टू-स्ट्रोकवाले, तुमच्यासाठी एकच. पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं ते हँडबुकमध्ये बघा, कॅनवर तारीख आणि प्रमाण लिहा. बिनतेलाचं पेट्रोल गेलं तर इंजिन काही मिनिटांत जाम होतं.

(जागा बदल. मोकळ्या शेताच्या बांधावर.)

आता हवेतलं. टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर नाक खाली, वेग सांभाळा, समोर उतरा. पाठीवर दांड्यावर इंजिन असलेल्यांनी विशेष ऐका. तिथे प्रोपेलर विमानाच्या खूप वर असतो, त्यामुळे चालू असताना तो नाक खाली दाबत असतो. तो थांबला की नाक आपणहून वर उठतं, आणि उभा दांडा ब्रेकसारखा हवा अडवतो. वेग बघता बघता पडतो. म्हणून स्टिक नुसती सैल सोडून भागत नाही, ठामपणे पुढे न्यावी लागते.

तरंगताना इंजिन परत लावायचं असेल तर क्रम असा. आधी शेत निवडा. मग त्या शेताच्या टप्प्यात राहून इंजिन बाहेर काढा. कारण दांडा बाहेर आणि इंजिन बंद, या अवस्थेत ग्लायडरची तरंगण्याची ताकद अर्ध्याहूनही कमी होते. सस्टेनरला तर बहुतेक वेळा स्टार्टर नसतो, नाक खाली करून वेगाने पातं फिरवावं लागतं, त्यात काही शे फूट जातात ते वेगळे. मी स्वतः जमिनीपासून 1500 फूट धरतो. हँडबुक जास्त सांगत असेल तर जास्त, कमी कधीच नाही. प्रयत्न फसला तर शेतात नीट उतरायला पुरेशी उंची हाताशी राहते.

शेताबद्दल मालव्यापुरतं सांगतो. एप्रिल-मेमध्ये गहू-हरभरा निघालेला असतो, रान मोकळं, थर्मलही चांगली. काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात, पण उतरता येतं. जुलै ते सप्टेंबर सगळीकडे सोयाबीन आणि खाली चिखल. चाक रुतलं की विमान नाकावर जातं. वरून शेत बघताना बोअरवेलकडे जाणाऱ्या विजेच्या तारा दिसत नाहीत. म्हणून तारा शोधू नका, खांब शोधा.

आणि सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधीच्या ठरलेल्या फेरीत, शिरलात की इंजिनाला हात लावायचा नाही. बटण दाबत बसायचं नाही, दांडा आत घ्यायची खटपटही नाही, बाहेर राहिला तर राहू दे. समजा बेस लेगवर, म्हणजे शेवटच्या वळणाआधीच्या टप्प्यावर, इंजिन स्वतःहून धरलं, छान गुरगुरायला लागलं, तरी इग्निशन बंद, फ्युएल कॉक बंद, आणि निवडलेल्या शेतात उतरायचं.