हुजूर पक्षाच्या मंचावरचे फोमचे पंजे

मंडळी, विनोदवीर पक्षाच्या प्रचाराला उतरला की काय होतं, ते बघायला थेट ५ जून १९८३ला जाऊ. रविवार होता, ब्रिटनच्या निवडणुकीला चार दिवस उरले होते. लंडनच्या वेम्बली कॉन्फरन्स सेंटरमध्ये हुजूर पक्षाच्या तरुण आघाडीचा मेळावा भरला होता. मंचावर आला केनी एव्हरेट. रेडिओ आणि टीव्हीवरचा त्या काळचा लाडका, थोडा चक्रम विनोदवीर. हातांत फोमचे भलेमोठे पंजे, त्याच्याच कार्यक्रमातल्या एका पात्राचे. (पंजा म्हटल्यावर हसलात ना? पण हा पंजा हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या बाजूचा होता!) ते पंजे हवेत नाचवत तो ओरडला, ‘चला, रशियावर बॉम्ब टाकू या!’ सभागृह दणाणलं. मग म्हणाला, ‘चला, मायकल फूटच्या काठीला लाथ मारू या!’ पुन्हा तोच जल्लोष.

मायकल फूट म्हणजे मजूर पक्षाचे नेते. वय ६९, काठी टेकत चालणारे, पुस्तकांत रमणारे गृहस्थ. त्यांच्या जाहीरनाम्यावर, पक्षातल्या भांडणांवर हवे तेवढे विनोद करता आले असते. स्वपक्षातले लोकही ते खासगीत करत असणार. एव्हरेटला दिसली ती काठी.

हे का झालं असावं? विनोद चालायचा तर सांगणारा आणि ऐकणारा यांचं काहीतरी आधी जुळावं लागतं. नाट्यगृहात ते जुळवायला विनोदवीराचा घाम निघतो. कोण बसलंय, कशाला हसतंय, कुठे बिचकतंय, याचा अंदाज घेत पुढे सरकावं लागतं. पक्षाच्या मेळाव्यात सगळे दारातूनच एकमताचे होऊन आलेले. तिथे विनोद चांगला असण्याची गरजच उरत नाही, शत्रूचं नाव पुरतं. आणि कॅमेरे तर समोरच होते. जे वाक्य सभागृहात टाळ्या घेऊन गेलं, तेच घरी चहा पीत बसलेल्या माणसाच्या कानावर पडलं. त्याला काय दिसलं? एक धडधाकट माणूस एका म्हाताऱ्याची काठी उडवा म्हणतोय आणि हजारो तरुण नाचताहेत.

पक्षाचं काही बिघडलं नाही, हेही सांगायला हवं. हुजूर पक्षाला बाकी सगळ्यांपेक्षा १४४ जागा जास्त मिळाल्या, मजूर पक्ष २७.६ टक्के मतांवर आला. डाग चिकटला तो एव्हरेटला. तो स्वतः समलिंगी होता आणि ज्या पक्षासाठी त्याने पंजे नाचवले, त्याच पक्षाच्या सरकारने १९८८मध्ये ‘कलम २८’ आणलं. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करू नये, असं सांगणारं ते कलम. एड्सशी संबंधित आजाराने एव्हरेट १९९५मध्ये गेला. आजही त्याचं नाव निघालं की चार वाक्यांच्या आत ते पंजे येतातच.

आता पक्षांना हे विनोदवीर हवेत कशाला, ते बघू. ब्रिटनमध्ये राजकीय पक्षाला टीव्हीवर किंवा रेडिओवर पैसे मोजून जाहिरात करता येत नाही. कायद्याने बंदी आहे. त्याऐवजी ठरलेल्या नियमांप्रमाणे पक्षांना फुकट काही मिनिटं दिली जातात. ती मिनिटं लोक बघतील कशी, हा प्रश्न. म्हणून ओळखीचा चेहरा. गंमत म्हणजे मत मिळवण्याच्या भ्रष्ट हेतूने मतदाराला खाणंपिणं किंवा करमणूक देणं हा तिथे निवडणूक गुन्हा आहे. १८८३च्या कायद्यात तो होता, १९८३च्या कायद्यातही राहिला. सभेतला विनोद त्यात बसत नाही हे उघड आहे. काही विनोदांच्या बाबतीत तर करमणूक झाल्याचं सिद्ध करणंही अवघड जाईल.

या फुकट मिनिटांचा मला सर्वांत आवडलेला उपयोग विनोदी नट जॉन क्लीझने १९८७मध्ये केला. तो सोशल डेमोक्रॅट आणि लिबरल या दोन पक्षांच्या आघाडीसाठी पडद्यावर आला. विषय काय, तर प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे जितकी मतं तितक्या प्रमाणात जागा! याहून रुक्ष विषय शोधून सापडायचा नाही. पण आकडे बघा. १९८३मध्ये या आघाडीला २५.४ टक्के मतं आणि जागा फक्त २३. मजूर पक्षाला जेमतेम दोन टक्के जास्त मतं, पण जागा २०९. क्लीझने कुणाची काठी ओढली नाही. शहाण्या माणसाला वेडगळ नियम समजावताना येणारा वैताग, ही त्याची हुकमी जागा, आणि ती त्याने मतमोजणीच्या पद्धतीवर लावली. यात विनोदवीराचं कसब पक्षाच्या खरोखर कामी आलं. मतांच्या हिशेबात? त्या वर्षी आघाडीला २२.६ टक्के मतं, २२ जागा. म्हणजे तक्रार खरी होती, हे निकालानेच पुन्हा दाखवून दिलं.

मजूर पक्षाच्या बाजूने तेव्हा ‘रेड वेज’ हे कलाकारांचं व्यासपीठ होतं. १९८५च्या नोव्हेंबरमध्ये बिली ब्रॅग, पॉल वेलर वगैरे गायकांनी ते सुरू केलं, १९८७मध्ये लेनी हेन्री, बेन एल्टन यांच्यासारख्या विनोदवीरांचाही दौरा निघाला. पोरं आली, नाचली, हसली. थॅचरबाई १०२च्या बहुमताने परत आल्या. तरी ही मंडळी निदान सत्तेकडे तोंड करून उभी होती. आपल्याकडे १९७७मध्ये पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचारसभांत बोलले, तेव्हा त्यांचाही रोख आणीबाणी लादणाऱ्या सत्तेवर होता. वेम्बलीत सत्ताधारी पक्षच विरोधकाच्या म्हातारपणाला हसत होता.

विनोदवीर रसेल ब्रँडचं थोडक्यात सांगतो. आपण कधी मत दिलेलं नाही, असं त्याने २०१३मध्ये बीबीसीवर जाहीर सांगितलं होतं. २०१५च्या निवडणुकीत मजूर नेते एड मिलिबँड त्याच्या घरी मुलाखत द्यायला गेले. ४ मे रोजी ब्रँडने मजूर पक्षाला पाठिंबा दिला. मतदार नोंदणीची मुदत २० एप्रिललाच संपली होती! त्याचं ऐकून मतदानापासून लांब राहिलेल्या आणि नोंदणी न केलेल्या पोरांनी या पाठिंब्याचं काय करायचं?

आणि शेवटी एडी इझार्ड, आता सुझी एडी इझार्ड. मजूर पक्षासाठी इतकी वर्षं इतकं राबलेला दुसरा विनोदवीर मला माहीत नाही. निवडणुकांत प्रचार, २०१८मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत जागा. मग इझार्ड यांनी उमेदवारी मागितली. आधी शेफील्ड सेंट्रलमधून. तिथल्या सभासदांनी दुसऱ्याच कुणाला निवडलं. मग २०२३मध्ये ब्रायटन पॅव्हिलियनमधून. तिथल्या सभासदांनी टॉम ग्रे यांना पसंती दिली. हे ग्रे कोण? ‘गोमेझ’ नावाच्या रॉक बँडमधले वादक. २०२४मध्ये ते ग्रीन पक्षाच्या उमेदवारापुढे हरले.