हलगी गोल दिसते का?

मंडळी, फ्रेमच्या मापांबद्दल आज आपण बाबूराव पेंटरांच्या गावात, कोल्हापुरात, बोलतोय. त्यांनी कॅमेरासुद्धा इथंच घडवला आणि मूकपट काढले. मूकपटाची चौकट १.३३ ला १. पुढं बोलपट आले, फिल्मच्या कडेची जागा आवाजाच्या पट्टीनं घेतली, चित्र जवळजवळ चौरस झालं. शेवटी १९३२ मध्ये अमेरिकेत १.३७ हे माप ठरलं. पण तेव्हा फिल्म उजेडात धरली की चौकट दिसायची. आपल्या व्हिडिओ फाइलीत ती नुसती लिहिलेली असते, तीही दोन-तीन ठिकाणी. या नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत की गिऱ्हाइकाचा फोन येतो.

खासबागेतल्या कुस्तीची जुनी मिनी-डीव्ही टेप घ्या. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६. भागाकार १.२५ येतो. म्हणजे ना ४:३, ना १६:९. कारण तिथला पिक्सेल, म्हणजे चित्राचा ठिपका, चौरस नसतो. ४:३ साठी तो उंचीच्या १.०६७ पट रुंद धरतात, १६:९ साठी १.४२२ पट. चौरस पिक्सेलमध्ये हेच चित्र पहिल्या वेळी ७६८ बाय ५७६ होतं, दुसऱ्या वेळी १०२४ बाय ५७६. सॉफ्टवेअरनं ४:३ ची टेप १६:९ समजून घेतली की पैलवान एक तृतीयांशानं रुंद होतो. पैलवान तक्रार करणार नाही, पण शेजारची हलगी अंडाकृती होते!

म्हणून मी सेटिंगला हात लावण्याआधी फ्रेममध्ये एखादी समोरून दिसणारी गोल वस्तू शोधतो. हलगी, भिंतीवरचं घड्याळ, काहीही. तिची रुंदी भागिले उंची. १.३३ आलं तर ४:३ चं चित्र १६:९ म्हणून ताणलंय. ०.७५ आलं तर उलटं झालंय, किंवा फाइल एचडीव्हीची, म्हणजे टेपवरच्या एचडीची, आहे. तिथं १४४० बाय १०८० साठवलेलं असतं आणि दाखवताना १९२० करायचं असतं. १ आलं आणि तरी काळे पट्टे दिसतायत, तर चित्र शाबूत आहे, फक्त टाइमलाइनचं, म्हणजे क्लिपा जोडतो त्या पट्टीचं, माप वेगळं आहे. ४०९६ बाय २१६० चं शूटिंग १९२० बाय १०८० मध्ये बसवलं की वर-खाली साधारण ३४-३४ ओळींचे पट्टे येणारच.

आता दुरुस्ती. बहुतेक जण लगेच पुन्हा रेंडर मारतात, म्हणजे सगळी फाइल नव्यानं बनवतात. तासभर जातो, दर्जाही थोडा उतरतो. पिक्सेल बरोबर असतील आणि नोंदच चुकली असेल, तर नोंदच बदला. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमध्ये चित्र जसंच्या तसं कॉपी करून फक्त आस्पेक्ट, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण, बदलता येतो. काम पटकन होतं. मात्र हा बदल बाहेरच्या कंटेनरवर, म्हणजे चित्र-आवाज ठेवलेल्या डब्यावर, होतो. आत एच.२६४ पद्धतीनं दाबलेल्या चित्राच्या प्रवाहात दुसरी नोंद असेल, तर एका प्लेअरमध्ये चित्र ठीक आणि दुसऱ्यात ताणलेलं, असा तमाशा होतो. आतली नोंद बदलायला त्याच एफएफएमपेगमध्ये एच.२६४ मेटाडेटाचा फिल्टर आहे. आधी मीडियाइन्फो या नोंदी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल बघा, मगच हात घाला.

तळाला हिरवी पट्टी दिसते, तोही याच घरातला प्रकार. एच.२६४ चित्राचे १६ बाय १६ चे ठोकळे करतं. १०८० ला १६ नं भाग जात नाही, म्हणून आत १०८८ ओळी असतात आणि खालच्या ८ कापा, अशी नोंद असते. ती नोंद वाचलीच नाही की पट्टी उघडी पडते.

मोबाइलच्या उभ्या क्लिपचं तर थोडक्यात सांगतो: बऱ्याच फोनांत चित्र आडवंच साठवतात, सोबत ९० अंश फिरवा अशी खूण असते. एक्सपोर्टमध्ये ती खूण गळली की नवरी आडवी.

कलर करणाऱ्याकडे एक्सएमएल, म्हणजे तुमच्या एडिटचा लेखी तपशील, पाठवता तेव्हा वेगळी गंमत. ही साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्येही उघडते. पण तिच्यात सिक्वेन्सची (म्हणजे टाइमलाइनची) रुंदी-उंची वेगळी आणि प्रत्येक क्लिपची वेगळी असते, टॅगची नावं मात्र तीच. त्यामुळं 'रिप्लेस ऑल' मारलंत तर बरोबर असलेल्या क्लिपांचीही मापं बिघडतील. प्रत काढून ठेवा आणि सिक्वेन्सच्या फॉरमॅटमधले आकडे तेवढे बदला. रिझॉल्व्ह या कलरच्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना 'साइझिंगची माहिती वापरा' हा पर्याय चालू करून आणि बंद करून, दोन्ही पाहा. ईडीएल, म्हणजे कटांची साधी यादी, दिलीत तर तिच्यात फ्रेमचं माप नसतंच. समोरच्याला टाइमलाइनचं माप आधी कळवा, मग फाइल पाठवा.