ब्लू चीज हिंगासारखं वापरा

बसा सगळे. पंखा जरा कमी करा कोणीतरी, हा ब्लू चीजचा, म्हणजे निळ्या बुरशीच्या चीजचा डबा उघडला की वास मागच्या रांगेपर्यंत जाणार. आमच्या घरी पहिल्यांदा तेच झालं, मुलगी पुण्याहून येताना १०० ग्रॅमचं पाकीट घेऊन आली आणि हे फ्रिज उघडून म्हणतात, "अवं, काय सडून राहिलं यात?"

आता मी काय केलं, चीज म्हणजे पनीरचंच भावंड समजून पालकाच्या ग्रेव्हीत अख्खं पाकीट टाकलं, मीठ नेहमीसारखं घातलं आणि वरून १० मिनिटं रटरट उकळू दिलं. वर तुपाचा थर, खाली रवाळ चोथा, आणि खारट इतकं की तोंडात धरवेना. महागाचं चीज पाण्यात गेलं ना बाप्पा! तेव्हापासून मी सगळ्यांना सांगून राहिली की हे पनीरच्या नाही, हिंगाच्या घरचं आहे. हिंग कोणी वाटीभर घालते का? फरक एवढाच की हिंग फोडणीत पहिले जातं आणि हे सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर.

काऊन शेवटी, ते ऐका. यातली बुरशी पेनिसिलियम रोकफोर्टी नावाची, मुद्दाम घातलेली, आपल्या शिळ्या ब्रेडवर येते तशी आपोआप आलेली नाही, म्हणून घरच्या ब्रेडवरची खायला जाऊ नका. तिला हवा लागते, म्हणून चीजला लांब सुयांनी भोकं पाडतात, कापल्यावर दिसणाऱ्या निळ्या रेघा बऱ्याचदा त्या सुयांच्याच वाटा असतात. ही बुरशी आतून दोन कामं करते. फॅट फोडते, त्यातून मिथाइल कीटोन नावाची द्रव्यं तयार होतात आणि तो नाकात जाणारा वास येतो. आणि प्रोटीनही फोडते, म्हणून मोझरेलासारखी तार येत नाही, ते मलईत लोण्यासारखं विरघळतं. पण उकळलं की फॅट वेगळं, प्रोटीनच्या गुठळ्या वेगळ्या, आणि वासातला जो नाजूकपणा असतो तो उडून नुसता खारटपणा उरतो.

प्रकार बरेच आहेत, तीन लक्षात ठेवा. रोकफोर फ्रान्सच्या दक्षिणेचं, मेंढीच्या दुधाचं, तिथल्या गुहांमध्येच पिकवावं लागतं, १४११ मध्ये राजा सहाव्या चार्ल्सनं रोकफोर गावाला तसा हक्क दिला होता. हे सगळ्यात खारट आणि तिखट. इटलीचं गोरगोन्झोला गाईच्या दुधाचं, त्यात डोल्चे म्हणजे मऊ-गोडसर आणि पिकांते म्हणजे कडक. सुरुवात डोल्चेनं करा. तिसरं इंग्लंडचं स्टिल्टन, याची गंमत अशी की ते तीनच काउंटींत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, बनवता येतं आणि स्टिल्टन गाव त्या तिन्हींत नाही! म्हणजे नाव गावाचं, पण त्या गावात त्या नावानं बनवायला बंदी. आपल्या संत्र्याचं थोडंफार तसंच आहे ना, नाव नागपूरचं आणि बागा पाहायच्या तर वरुड-मोर्शीला जा.

आता स्वयंपाक. क्रीमचा पास्ता सगळे करतात, तो पटकन सांगते: चौघांना दीडशे मिली क्रीम मंद आचेवर कोमट करायचं, गॅस बंद, ६० ग्रॅम चीज कुस्करून ढवळायचं, पास्त्याचं थोडं पाणी, मिरं, संपलं. मीठ चाखून, बहुतेक वेळा लागतच नाही.

पण मला खरं सांगायचं आहे ते कण्यांचं. उत्तर इटलीत मक्याच्या जाड पिठाचं पोलेंटा करतात आणि त्यात गोरगोन्झोला घालतात. मी ते पाहिलं आणि म्हटलं, राजेहो, ह्या तर आपल्या कण्या! माझी आजी ज्वारीच्या कण्या ताकात करायची. इथं ताक नको, आंबट आणि खारट दोन्ही भांडतात. एक वाटी कण्या तासभर भिजवा, चार वाट्या पाणी आणि एक वाटी दुधात मंद आचेवर अर्धा तास शिजू द्या, सतत नाही पण अधूनमधून ढवळत राहा, खाली लागतात. मीठ नेहमीच्या अर्ध्याहून कमी. उतरवल्यावर ४० ग्रॅम चीज, वरून लोण्यात सावकाश लाल केलेला कांदा, कारण कांद्याचा गोडवा त्या खारटपणाला धरून ठेवतो, आणि चार अक्रोड. लाल तिखट नको हो, सावजीची सवय असली तरी! ज्याला हवं त्यानं हिरवी मिरची तव्यावर भाजून बाजूला घ्यावी.

भरीतही करून पाहिलं, निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, पातीचा कांदा आणि चमचाभर चीज. वांग्याचा धुरकटपणा आणि हा वास जुळतो, पण लसणाची फोडणी घातली की दोघंही मरतात, म्हणून ते माझ्या मते अर्धवटच जमलंय. त्यापेक्षा हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री सोलून, वरची पांढरी साल काढून, त्यावर थोडं कुस्करलेलं चीज, अक्रोड आणि मिरं, हे मात्र पाहुण्यांना बिनधास्त द्या.

ठेवताना बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट डब्यात, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुधाच्या चहालाही तोच वास. गुलाबी किंवा काळी केसाळ बुरशी दिसली तर फेकून द्या. गरोदर बाईनं मऊ ब्लू चीज कच्चं खाऊ नये, लिस्टेरिया नावाच्या जंतूचा धोका असतो.

मागून ताईंनी विचारलं, शाकाहारी आहे का. चांगला प्रश्न. रोकफोरला दूध विरजायला जनावराच्या पोटातलं रेनेट लागतं, म्हणजे ते शाकाहारी नाही. दुसरी ब्लू चीज करताना सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरणारेही बरेच आहेत, तेव्हा घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

आणि भाऊ, तुमचं उत्तर: नाही. तर्री-पोह्यावर नका घालू. मी घातलं होतं, तर्रीनं त्याला असं गिळलं की चीज होतं हे फक्त बिलावरून कळत होतं. चला, त्या पातेल्यात कण्या आहेत, गार झाल्या की घट्ट होतात, वाट्या घ्या.