निर्दोष सुटायची वाट

नमस्कार श्रोतेहो. सोलापुरात चार हुतात्मा पुतळ्यावरून आपली रोजची ये-जा. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी इंग्रजांनी त्यांना येरवड्यात फासावर चढवलं. न्याय झाला नाही, हे आपण आजही ठणकावून सांगतो. सांगता येतं, कारण निदान खटला तरी चालला होता.

आता येमेनला चला. ३० सप्टेंबर २०११. अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यात अन्वर अल-अवलाकी ठार झाला. जन्म अमेरिकेतला, म्हणजे त्यांचाच नागरिक. तो अल-कायदासाठी हल्ल्यांचे कट रचतो, असं सरकारचं म्हणणं. त्याचं नाव मारायच्या यादीत असल्याचं कळल्यावर वडील २०१० मध्येच कोर्टात गेले होते. सरकारला रोखा, निदान कोणत्या निकषांवर मारता ते तरी सांगा, एवढंच मागणं. तुम्हाला मुलाच्या वतीने दावा लावता येत नाही, म्हणून तो फेटाळला गेला. मग मुलाने स्वतः यायचं? कोर्टाच्या पायरीवर?

पुढे २०१२ मध्ये तिथले अॅटर्नी जनरल एरिक होल्डर म्हणाले, घटनेतली योग्य प्रक्रिया म्हणजे न्यायालयीन प्रक्रियाच असं नव्हे. माझी हयात वकिलीत गेली. हे वाक्य काही घशाखाली उतरत नाही.

‘तिथे डोंगरात पकडायला कोण जाणार?’ हा प्रश्न खोटा नाही. बंदूक रोखून उभ्या असलेल्यासमोर पोलीस कोर्टाचा हुकूम शोधत बसत नाही. पण महिनोन्‌महिने यादीत असलेल्या नावाचं तसं नसतं. तेवढ्या अवधीत पुरावा कोणाला तरी दाखवता येतो.

तुकाराम ओंबळेंनी जीव देऊन कसाबला जिवंत धरलं. परका, उघड मारेकरी. तरी त्याला वकील मिळाला, अपील मिळालं, मग २०१२ मध्ये फाशी. त्याच खटल्यात मदतीचा आरोप असलेले दोन भारतीय मात्र पुराव्याअभावी सुटले, आणि सुप्रीम कोर्टानेही ती सुटका कायम ठेवली. यादीतून असं कोण सुटतं?

अवलाकीनंतर दोनच आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला, येमेनमध्येच दुसरा हल्ला झाला. त्यात त्याचा सोळा वर्षांचा मुलगा गेला. तोही अमेरिकन. तो आमचं लक्ष्य नव्हता, असं सरकारने २०१३ मध्ये पत्राने कळवलं.