गोबेरोचं तळं आणि तळ्याकाठची माणसं

श्रोतेहो, नमस्कार. आज जाऊ या थेट सहारात, नायजर देशात. तिथल्या तेनेरे वाळवंटात गोबेरो नावाची जागा आहे. नाव लक्षात ठेवा, गोबेरो.

2000 साली अमेरिकी संशोधक पॉल सेरेनो आपली माणसं घेऊन तिथे फिरत होते. शोधायची होती डायनासोरची हाडं. बरोबरचे छायाचित्रकार माइक हेटवर जरा बाजूला वाळूच्या टेकाडांकडे गेले आणि बघतात तर वाऱ्याने वाळू उडून हाडं उघडी पडलेली. माणसांची हाडं! सगळीकडे माणसांची हाडं!

मग 2005 आणि 2006 मध्ये रीतसर उत्खनन झालं. इटलीच्या पुरातत्त्वज्ञ एलेना गार्सेआही आल्या. आणि मग ती कबर सापडली, जिच्याबद्दल मी कितीही वेळा बोलू शकते. एक बाई, तिशीच्या आसपासची, कुशीवर निजलेली. तिच्याकडे तोंड करून दोन लेकरं, एक पाचेक वर्षांचं, एक आठेक वर्षांचं. तिघांचे हात एकमेकांत गुंतलेले. हाडांवर कुठे मार नाही, घाव नाही. खाली परागकण मिळाले, म्हणजे बहुधा फुलांवर निजवलं होतं. सोबत चार बाणाग्रं. सुमारे 5300 वर्षांपूर्वी कुणीतरी बसून ते छोटे हात नीट जुळवले, श्रोतेहो. कुणी, ते हाडं सांगत नाहीत.

आफ्रिका म्हटलं की आपण पिरॅमिडपाशीच थांबतो, हे मला फार खटकतं. वर्गात हिरव्या सहाराचा नकाशा लावायलाच हवा. आणि नकाशे मोठे लावा हो, मागच्या बाकावरच्या मुलालाही दिसले पाहिजेत!

हिरवा सहारा, हो. पृथ्वीच्या फिरण्यात फरक पडला, मोसमी पाऊस उत्तरेला सरकला आणि गोबेरोत तळं भरलं. तळं होतं म्हणून वस्ती, वस्ती होती म्हणून शेजारीच कबरी. राहायचं तिथेच, पुरायचंही तिथेच. आधी किफियन लोक, उंचेपुरे, हाडाच्या गळांनी मासे धरणारे. मग तळं आटलं, हजारेक वर्षं कुणी नाही. पाऊस परतला तेव्हा तेनेरियन आले. ती बाई आणि लेकरं त्यांच्यातली. त्यांच्यातल्याच एका मुलीच्या दंडात पाणघोड्याच्या दाताचं कडं होतं.

इथे सुमारे 200 कबरी आहेत. सगळ्या अजून उकरलेल्या नाहीत. ज्या वाऱ्याने हाडं दाखवली, तोच वारा वाळू मारून ती झिजवतोही आहे. त्यामुळे राहिलेलं काम लवकर व्हायला हवं.