डोंगरगायीचं घर

(दृश्य : सकाळ. सपाट गवताळ माळ, विरळ पाइनची झाडं. लांबून येणारी जुनी बस.)

दिसायला ही शाळेची बस आहे, पण आत बसलेत बाजाराला निघालेले लोक. अमेरिकेत मुलांची ने-आण करून थकलेल्या अशा बस बेलीझमध्ये येतात आणि इथं आपल्या लाल डब्याचं काम करतात. हात दाखवला की थांबतात. कंडक्टर दारात लटकून गावांची नावं ओरडतो. बेलीझ सिटी सोडून तासभर झाला असेल, एकोणतिसाव्या मैलाच्या आसपास त्यानं नुसतं ‘झू!’ म्हटलं आणि आम्ही उतरलो.

बेलीझ म्हणजे मेक्सिकोच्या खाली, ग्वाटेमालाच्या कुशीत बसलेला आणि कॅरिबियन समुद्राकडे तोंड करून असलेला एवढासा देश. लोकसंख्या जेमतेम चार लाख, म्हणजे सांगली-मिरजेत याहून जास्त माणसं राहतात. १९७३पर्यंत याचं नाव ब्रिटिश होंडुरास होतं, आणि १९८१पर्यंत इथं इंग्रजांचं राज्य होतं. इंग्रज इथं आला तो लाकडासाठी, आणि शेवटपर्यंत त्याचं लक्ष लाकडावरच राहिलं.

(दृश्य : लाकडी फाटक, आत झाडीत शिरणारी पायवाट.)

राणीच्या बागेत पेंग्विन बघायला रांगा लावणाऱ्या आपल्याला इथं थोडं चुकल्यासारखं होतं. इथं हत्ती, सिंह, जिराफ यांपैकी काही नाही. २९ एकरांत पावणेदोनशेच्या वर प्राणी आणि पक्षी आहेत, पण त्यातला प्रत्येक जण या देशाच्या जंगलातला. संग्रहालयात ठेवायचा म्हणून जंगलातून धरून आणलेला एकही नाही. कुणाची आई शिकाऱ्यानं मारली होती, कुणी कुणाच्या अंगणात साखळीला बांधलेला सापडला, कुणी इथंच जन्मला, कुणी दुसऱ्या संग्रहालयाकडून आला. वाटही फरशीची नाही. झाडं तोडून पिंजरे बांधण्याऐवजी आहे त्या झाडीलाच जाळी घातल्यासारखं वाटतं. प्राणी शोधावा लागतो. कधी कधी पाच मिनिटं रिकाम्या झाडीकडे बघत उभं राहावं लागतं, आणि मग लक्षात येतं की झाडीतून कुणीतरी मघापासून आपल्याकडे बघतंय.

हे संग्रहालय कुणी ठरवून काढलेलं नाही. ते उरलंसुरलं सांभाळण्यातून उभं राहिलं.

१९८२ साली शेरॉन माटोला नावाची अमेरिकन बाई इथं आली. अमेरिकी हवाई दलात काम केलेली, जीवशास्त्र शिकलेली आणि मेक्सिकोत फिरत्या सर्कशीबरोबर हिंडलेली. वन्यजीवांवरच्या एका माहितीपटासाठी चित्रीकरणातले प्राणी सांभाळायचे, असं तिचं काम. चित्रीकरण संपलं, पैसेही संपले. मागं राहिले वीसेक माणसाळलेले प्राणी. जंगलात सोडावेत तर जगणार नाहीत, आणि ठेवावेत तर खायला कोण घालणार?

मग तिनं एका फळीवर ‘बेलीझ झू’ असं रंगवलं आणि ती फळी रस्त्याच्या कडेला रोवली. साल १९८३. देशाचं प्राणिसंग्रहालय सुरू झालं ते असं. आपण माहितीपटवाले शूटिंग आटोपलं की सामान गुंडाळून निघतो. मागं काय राहिलं, हे सहसा वळून बघत नाही. कुणीतरी वळून बघितलं, म्हणून आज आम्हाला इथं शूटिंग करता येतंय.

माटोलाबाई सुरुवातीच्या दिवसांतली एक आठवण सांगत असत. फाटक बंद झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ आले. बाईंनी त्यांना आत घेतलं. प्रत्येक पिंजऱ्यापाशी ते आपल्याला ठाऊक असलेली माहिती ऐकवत गेले : हा साप विषारी, तो मुंगीखाऊ जीभ खुपसून कुत्र्याला मारतो. सगळी ऐकीव भीती. जॅग्वारसमोर मात्र ते गप्प झाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळा जन्म याच देशात गेला होता, आणि आपल्या जंगलातला हा प्राणी ते पहिल्यांदा पाहत होते.

संग्रहालय कुणासाठी चालवायचं, हे बाईंच्या मनात तिथंच ठरलं असावं. पर्यटक येतात, डॉलर देतात, ते हवेतच. पण बाई बोआ जातीचा साप घेऊन मोटारसायकलवरून गावोगावच्या शाळांत जायच्या. ज्या सापाला पाहताक्षणी कोयत्यानं तोडायची रीत, तो साप वर्गातल्या पोरांच्या हातात द्यायच्या.

(दृश्य : हाताने रंगवलेल्या पाट्या, एकामागून एक.)

आता या पाट्या बघा. पुणेकराला इथं माहेरी आल्यासारखं वाटेल. फळीवर ब्रशनं रंगवलेल्या ओळी, त्याही यमकात, आणि बोलतोय तो प्राणी स्वतः. मी अमुक, मला अमुक आवडतं, मला मारू नका, माझं पिल्लू घरी नेऊ नका. भाषा इंग्रजी, पण ठेका इथल्या क्रिओल बोलीचा. शास्त्रीय नाव, कुळ, वर्ग असली जंत्री नाही. मुलं त्या ओळी मोठ्यानं वाचतात, एकमेकांना वाचून दाखवतात आणि हसतात. आपल्याकडच्या संग्रहालयांतली गंजलेली निळी पाटी अशी कुणी मोठ्यानं वाचलेली मी तरी पाहिलेली नाही.

नावांची मजा तर वेगळीच. लाकूडतोड्यांना जो प्राणी दिसला, त्याला त्यांनी माहितीतलंच नाव देऊन टाकलं. जॅग्वारला इथं ‘टायगर’ म्हणतात, आणि पहाटे छातीत धडकी भरवणाऱ्या हाउलर माकडाला ‘बबून’. टायगर असो की बबून, दोन्ही हजारो मैल दूरचे. आपल्याला हसायचा अधिकार नाही. आपल्याही गावात बिबट्या दिसला की ‘वाघ आला’ असंच म्हणतात. हा गुबगुबीत, ठिपक्यांचा गिबनट. १९८५च्या भेटीत राणी एलिझाबेथच्या ताटात याचं मांस वाढलं गेलं आणि लंडनच्या वर्तमानपत्रांनी राणीनं उंदीर खाल्ला म्हणून बोंब ठोकली. तेव्हापासून याचं टोपणनाव ‘शाही उंदीर’.

आणि ही ‘माउंटन काउ’. डोंगरगाय.

(दृश्य : चिखलातून उठणारा टेपीर. जवळून नाक.)

ही गायही नव्हे आणि फक्त डोंगरातलीही नव्हे. हा बेअर्डचा टेपीर, बेलीझचा राष्ट्रीय प्राणी. नातं घोड्याशी आणि गेंड्याशी. वजन अडीच-तीनशे किलोपर्यंत भरतं. पुढच्या पायांना चार-चार बोटं, मागच्यांना तीन-तीन. कानांच्या कडा पांढऱ्या, जणू कुणी खडूनं गिरवल्यात. नाकाकडे नीट बघा. ते स्थिर राहतच नाही. सोंड व्हायला निघालं आणि अर्ध्यावर थांबलं, असं ते नाक आधी डावीकडे वळतं, मग वर उचलतं, फांदी धरतं आणि एकेक पान ओरबाडून तोंडात सारतं. कचकच आवाज येतो. डोळे बारीक आणि नजर कमजोर, म्हणून जगाशी सगळा व्यवहार नाकातूनच.

याच नाकाबद्दल इथं एक समज पक्का होता की टेपीर त्यानं माणसाची कातडी सोलून काढतो. दिसला की गोळी घालायची. मग संग्रहालयात ‘एप्रिल’ नावाची टेपिरीण वाढली. दरवर्षी एप्रिल महिन्यात तिचा वाढदिवस सुरू झाला. शाळांच्या बस यायला लागल्या, केक यायला लागला आणि देशभरातली मुलं डोंगरगायीला शुभेच्छा द्यायला लागली. एप्रिल आता नाही. पण तिच्या वाढदिवसाला आलेली ती मुलं आज आईबाप झालीत. कातडी सोलण्याची गोष्ट त्यांनी पुढच्या पिढीला सांगितलेली दिसत नाही.

रखवालदारानं आम्हाला एकच गोष्ट बजावली होती. टेपिराच्या मागच्या बाजूला उभं राहू नका. का, ते पुढे कळेल.

(दृश्य : जाळी. तिच्यामागे ठिपके, मग डोळे.)

जॅग्वार. लांबून बिबट्याच वाटतो. पण अंगावरचं फूल बघा, त्या कड्याच्या आत आणखी एखाद-दोन काळे ठिपके आहेत. बिबट्याच्या फुलात ते नसतात. आणि डोकं केवढं! रखवालदार जाळीवर हात टेकवून एक शब्द बोलतो. जॅग्वार मागच्या पायांवर उभा राहतो, पंजे जाळीला लावतो. नखं तपासून होतात, पोट बघून होतं. बक्षीस म्हणून कोंबडीचा तुकडा. हाड फुटल्याचा आवाज माइकला स्वच्छ मिळाला, तो आम्ही जराही वाढवलेला नाही. डॉक्टरला हा प्राणी बेशुद्ध न करता तपासता यावा, यासाठी ही रोजची उजळणी.

२००३पासून इथं ‘उपद्रवी’ ठरलेले जॅग्वार येतात. म्हणजे ज्यांनी वासरं मारली, कुत्री उचलली आणि ज्यांच्यावर गावकऱ्यांनी बंदूक रोखली होती, असे. प्राणिशास्त्रज्ञ ॲलन रॅबिनोविट्झ यांनी १९८०च्या दशकात बेलीझमध्येच जॅग्वारचा अभ्यास केला. गुरं मारणारे म्हणून ज्यांना टिपलं होतं, त्यांतल्या बहुतेकांच्या अंगात किंवा कवटीत त्यांना जुन्या छऱ्यांच्या जखमा सापडल्या. म्हणजे आधी कुणीतरी जंगलात गोळी झाडली, जनावर अधू झालं, हरणामागं धावणं जमेना, तेव्हा ते गोठ्याकडे वळलं. रॅबिनोविट्झ यांच्याच खटपटीतून पुढे कॉक्सकोम्बचं खोरं जॅग्वारसाठी राखलं गेलं, जगातलं अशा प्रकारचं पहिलं अभयारण्य.

जुन्नरच्या माणसाला यातलं काही नवं वाटणार नाही. पकडलेला बिबट्या लांब नेऊन सोडायचा, हा उपाय आपण २००१नंतर करून पाहिला. वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेय आणि सहकाऱ्यांनी आकडे मांडले, तेव्हा दिसलं की त्यानंतर माणसांवरचे हल्ले उलट वाढले. मग माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र उरतं. तिथले बरेच बिबटे जंगलात परत जाणार नाहीत. इथलेही नाहीत. जाळीआडचं जिणं चांगलं की गोळी, असा हा हिशेब. मला विचाराल तर यात चांगलं असं काही नाही, फक्त कमी वाईट आहे.

आणि कमी वाईटही फुकट मिळत नाही. २०१०च्या ऑक्टोबरात रिचर्ड चक्रीवादळ इथूनच गेलं. झाडं पिंजऱ्यांवर कोसळली. याच परिसरातल्या एका पिंजऱ्यातून जॅग्वार बाहेर पडला आणि जवळच राहणाऱ्या एका माणसाचा त्यानं जीव घेतला. ही गोष्ट कुठल्या पाटीवर नाही. पण या जागेची कहाणी सांगायची, तर ती वगळून सांगता येत नाही.

(दृश्य : उंच फांदीवर हार्पी गरुड.)

पंखांची सळसळ ऐकलीत? हा हार्पी गरुड. मादीचं वजन सहा ते नऊ किलो, नखं अस्वलाच्या तोडीची. झाडावरचं माकड अलगद उचलून नेणारा. बेलीझमधून तो नाहीसा झाल्यात जमा होता. पनामाहून पक्षी आणून जंगलात सोडायचा प्रयोग झाला, आणि त्यात हे संग्रहालयही होतं.

पलीकडे लालभडक मकाव पोपट. त्यांच्यापायी माटोलाबाई सरकारशी भिडल्या. मकाल नदीवर चालिल्यो धरण व्हायचं होतं आणि ज्या खोऱ्यात हे पक्षी घरटी करतात, तेच खोरं बुडणार होतं. खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे शेवटच्या अपिलाच्या कोर्टापर्यंत गेला. हो, टिळक ताईमहाराज प्रकरणात जिथं जिंकले, तीच प्रिव्ही कौन्सिल. इथं २००४ साली निकाल लागला, तीन विरुद्ध दोन, धरणाच्या बाजूनं. पाणी अडलं. त्या हरल्या आणि दुसऱ्या दिवशी पिंजरे साफ करायला हजर झाल्या असतील. कारण खाणारी तोंडं निकालासाठी थांबत नाहीत.

मार्च २०२१मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्या बेलीझमध्येच गेल्या.

(दृश्य : दुपार. फाटकातून आत येणारी शाळेची सहल. या वेळी बसमध्ये खरंच शाळेची मुलं.)

गणवेशातली चाळीसएक मुलं. बाई पुढे, बाई मागे, मध्ये गोंगाट. जॅग्वारपाशी सगळे चिडीचूप. गिबनटपाशी एक पोरगा म्हणाला की आमच्या घरी हा रविवारी शिजतो. बाईंनी डोळे वटारले.

मग डोंगरगाय. मुलं कुंपणाला चिकटली. पाटी मोठ्यानं वाचून झाली. टेपीर चिखलातून उठला, अंग झटकलं, हळूच वळला आणि मुलांकडे पाठ करून उभा राहिला. कुणी काही सांगितलं नाही. पण सगळी रांग कवायतीतल्यासारखी चार पावलं मागं सरली. इथल्या पोरांना माहीत असतं, टेपीर आपली हद्द आखतो ती मागच्या मागे पिचकारी मारून, आणि नेम चांगला असतो.

कुंपणाशी एकटा उरला तो आमचा कॅमेरामन. एवढा मोकळा शॉट मिळाला म्हणून खूश होऊन त्यानं फोकस जुळवला.

(दृश्य : टेपिराची शेपटी. मग पडदा धूसर. मुलांचं हसणं.)